मर्यादित अंदाजपत्रकातील टर्बो

वापरलेली परदेशी टर्बो स्पोर्ट्‌स कार, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवून इंजिनात दाबलेली हवा भरणारी गाडी, पुण्यातील काटकसरी कुटुंबास सर्वथा योग्य ठरते, कारण लक्ष्मी रस्त्यावर ते चक्र वेगाने फिरण्याची वेळच येत नसल्याने त्याची झीज होत नाही. 3 वर्षांहून जुनी गाडी परदेशातून आणण्यास मनाई असल्याने ऐपतीतली गाडी देशातल्याच दोन-तीन मालकांच्या हाताखालून येते. तिची किंमत उतरलेली असते, सुट्या भागांची मात्र नाही, ही त्या भागांची कुलीनताच होय. जे फिरत नाही ते झिजत नाही, याच तर्काने इंजिनाविना गाडी घेतल्यास बचत परिपूर्ण होईल. खरेदीदाराने वाहनतळात शेजारी स्कूटरपुरती जागा तेवढी राखावी. कचेरीला तिच्यावरूनच जायचे आहे.