दोनशे बारचा नेम

चिखलीतल्या एका उमद्या शेतकऱ्याने पहिली पीसीपी एअर रायफल ज्या काटेकोरपणे निवडली, त्याला तोड नाही. मुलगी पाहायला जातानाही घरच्यांनी एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या आत, म्हणजे परवाना नको. नेमबाज तेजस्विनी सावंत कोल्हापूरच्या, स्वप्नील कुसाळेही कोल्हापूरचेच. म्हणजे बुलढाण्याची जागा रिकामीच आहे!

राहता राहिली हवा. पीसीपीच्या टाकीत ती आधीच भरून ठेवायची, आणि त्याला २०० बार दाब लागतो. मोटारीच्या चाकात जेमतेम अडीच बार. पंक्चरवाल्याने हातच जोडले. मग हातपंप आला. आता घरातली चार माणसे आळीपाळीने त्याला लटकतात. रात्रीच्या विजेची वाट न पाहणारा तालुक्यातला हा एकमेव पंप. कृषी खात्याने अनुदानाचा विचार करावा.

दहा मीटरवरच्या लक्ष्याचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. त्याची साधना चालू असतानाच परवा रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप सोयाबीनमध्ये शिरला. त्यांच्यावर परवानगीशिवाय बार टाकायला कायद्याची मनाई, आणि तसाही दाबाचा काटा १४० वरच अडकलेला.

आजोबांनी खुंटीवरची गोफण काढली.