चौदा–शून्य : गोलकीपरच्या पालकांसाठी मार्गदर्शिका

प्रस्तुत मार्गदर्शिका हॉकी खेळणाऱ्या मुलांच्या सर्व पालकांसाठी नाही. ज्यांचं अपत्य सेंटर फॉरवर्डला खेळतं त्यांनी इथेच थांबून चहा घ्यावा. त्यांचं ‘आज पोरींचं काही जमलंच नाही’ एवढ्यावर भागतं. गोलकीपरच्या आईबापांचं भागत नाही, कारण हरलेला आकडा त्यांच्याच घरी मुक्कामाला येतो.

पहिली बाब बैठकीची. नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर पोचल्यावर नवखे पालक हौसेने आपल्या गोलच्या मागच्या अंगाला जागा धरतात. हे करू नये. हॉकीच्या गोलमध्ये आत, तळाशी, दीड फूट उंचीची फळी असते. चेंडू तिच्यावर आदळला की ‘खाड्’ असा आवाज होतो. फॉरवर्डच्या कानाला त्याहून गोड आवाज नाही म्हणतात. मी तो एका सकाळी चौदा वेळा ऐकला. दुपारी घरी सौ.ने नारळ फोडला, तर मी ताटावरून उठून उभा राहिलो.

प्रतिस्पर्धी कोण, याची चौकशी आदल्या रात्रीच करावी. समोरच्या मुली खडकीच्या आहेत असं कळलं, तर रात्री हलकं जेवावं. खडकीत पोरं हॉकी शिकायला जात नाहीत, ती दारातच चालू असते. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत मोडक्या स्टिका बांधून खेळणारा धनराज पिल्ले तिथलाच; पुढे चार ऑलिंपिक खेळला. आमच्या मुली शाळेच्या मातीच्या मैदानावर, कबड्डीवाले उठले की मग सराव करतात. पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू किती वेगाने येतो, हे त्यांना पहिल्या गोलनंतर समजलं. दुसरा गोल त्याची चर्चा चालू असताना झाला.

सामना सुरू असताना तोंड शक्यतो बंद ठेवावं. चेंडू पायाला लागला की ‘फूट! फूट!’ ओरडायचं असतं, एवढं ज्ञान घेऊन मी गेलो होतो. तिसऱ्या मिनिटाला आमच्या कन्येने चेंडू पायाने उडवला आणि मी स्वतःच्याच मुलीविरुद्ध अपील केलं. शेजारच्या आजींनी माझ्याकडे पाहिलं. नऊवारी, हातात स्टीलचा डबा, नात समोरच्या संघात सेंटर हाफ. “कीपर हाय ती. तिला डीमधी पाय चालतो,” त्या म्हणाल्या. मग पेनल्टी कॉर्नरचंही समजावलं: बचावाला गोलकीपर धरून पाचजणी, बाकीच्या मध्यरेषेपलीकडे. आमच्या ‘बाकीच्या’ तेवढ्यात निवांत पाणी पिऊन घेत होत्या. कॉर्नर इतके झाले की कुणी तहानेली राहिली नाही.

नातेवाइकांच्या फोनसाठी इतिहास तोंडपाठ असावा. १९३२ साली लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४–१ असं हरवलं. रूपसिंगने एकट्याने दहा मारले. अमेरिका त्याआधी जपानकडूनही ९–२ हरली होती. पण खेळायला आलेले संघच तीन, त्यामुळे दोन्ही सामने हरून अमेरिका कांस्यपदक घेऊन घरी गेली. (आमच्या गटात चार शाळा होत्या. एकीने ऐनवेळी नाव मागे घेतलं असतं तर तिचं काय बिघडलं असतं?) अमेरिकेच्या त्या एका गोलबद्दल असं सांगतात, की आपला गोलकीपर रिचर्ड अ‍ॅलन त्या वेळी गोलमागे लोकांना सह्या देत होता.

१९८२ चा दिल्लीचा आशियाई अंतिम सामना मात्र फोनवर काढू नये. पाकिस्तान ७, भारत १. गोलकीपर मीररंजन नेगी. अकराजण हरले, पण फितुरीचा शिक्का एकट्या नेगींवर बसला. १९९८ ला बँकॉकमध्ये भारताने आशियाई सुवर्ण जिंकलं तेव्हा गोलकीपरना घडवायला नेगीच होते. कप्तान धनराज पिल्ले. म्हणजे फिरून पुन्हा खडकीच.

परतीच्या वाटेवर समजूत घालायची असते. मी स्कूटरवर पायाशी तिची ती अवाढव्य बॅग आणि मनात भाषण घेऊन निघालो. फलकावर अडवलेल्या चेंडूंचा रकाना नसतो, म्हणून मी ते बोटांवर मोजले होते: सव्वीस. दापोडीच्या पुलावर सुरुवात करणार, तोच मागून आवाज आला, “बाबा, आज मस्त खेळायला मिळालं. मागच्या मॅचला आपण चार–शून्य जिंकलो ना, माझ्याकडे बॉलच आला नाही. मी बाराचा पाढा म्हणत उभी होते.”

भाषण तसंच घरी आणलं. त्या आजी निघताना डबा बंद करत म्हणाल्या होत्या, “पोरगी बॉलला भीत न्हाई तुमची.” ते मी तिला अजून सांगितलेलं नाही, घामाने ओले पॅड वाळत घालताना सांगावं म्हणतो.

शेवटची सूचना शेजाऱ्यांसंबंधी. पार्किंगमध्ये तळमजल्याचे काका भेटले. “काय गं, किती झाले?”

“चौदा!” ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

“अरे वा! मग पेढे?”

अशा वेळी खुलासा करत बसू नये. मी अर्धा किलो आणले.