काचेमागचा आडत्या

इंदापूरच्या बाजारात डाळिंबाच्या क्रेटमागे दहा रुपये कमी पडले, तर आमचा माणूस बारामतीपर्यंत बोंब ठोकतो. तोच माणूस सहलीला दुबईला उतरला की विमानतळावरच्या काचेमागच्या पोराला मुकाट्याने नोटांचं बंडल देतो आणि येतील ते दिरहॅम खिशात घालतो. का? तर पाटी असते, 'कमिशन नाही'! अहो, कपात दरातच असते. आडतीत हयात गेली तरी एवढं कळू नये? (मलाही कळलं नव्हतं, बायकोने हिशेब मांडला तेव्हा कळलं.)

एके काळी ही कटकट नव्हती. १९६६ पर्यंत दुबईत रुपयाच चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. पण तेव्हा आमचे आजोबा भिगवण स्टेशनच्या पुढे गेले नाहीत.

आता दुबईतलं एटीएम अदबीने विचारतं, 'रुपयांत हिशेब करू?' परक्या मुलखात आपला रुपया दिसला की ऊर भरून येतो, आणि बोट 'हो'वर पडतं. तिथेच दुसऱ्यांदा कापतात. 'नाही' दाबा, दिरहॅमच निवडा.