साहेबरावाचा सातबारा

निवृत्त माणसाला छंद लागणं ही आपल्याकडची साथ आहे. कुणी हार्मोनियम विकत आणतं, कुणी गच्चीवर ड्रॅगनफ्रूट लावतं, कुणी गावाचा इतिहास लिहायला घेतं आणि पहिल्याच प्रकरणात अर्ध्या गावाशी बोलणं बंद करून बसतं. आमच्या जानेफळच्या तलाठीकाकांनी वाघ काढायला घेतले.

सरकारने तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी असं भारदस्त नाव दिलंय, पण मेहकर-खामगाव रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर ते अजून पोचलेलं नाही. काकांची उमर सातबारे, आठ-अ, फेरफार आणि गारपिटीचे पंचनामे लिहिण्यात गेली. अक्षर असं वळणदार, की जमीन नावावरून गेलेल्यानेही नोंदीकडे क्षणभर कौतुकाने पाहावं. अठ्ठावन्नाव्या वर्षी सज्जाच्या किल्ल्या दिल्या आणि त्या हाताला काही कामच उरलं नाही.

वाघच का, याचं उत्तर 2019 मध्ये आहे. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात कॉलर बांधलेला एक तरुण वाघ त्या वर्षाच्या शेवटी आमच्या जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोचला. दप्तरी नाव टी-वन-सी-वन. मार्च 2020 पर्यंत तो 3000 किलोमीटरहून जास्त चालला. सारा देश त्याच्या पायांचं कौतुक करत होता. काका मात्र अस्वस्थ. "एवढ्या तालुक्यांच्या हद्दी ओलांडल्या अन् नोंद झाली कुठी, तर डेहराडूनले! गावच्या तलाठ्याले कोनी इचारलं का?"

त्या वाघाने काकांना दर्शन दिलं नाही. पुढे नागपूरला गोरेवाड्याचं प्राणिउद्यान सुरू झालं, 26 जानेवारी 2021 ला. तिथे जंगलातून जखमी, पोरके किंवा माणसांच्या वाटेला गेलेले म्हणून पकडून आणलेले वाघ-बिबटे सांभाळतात. मुलीने काकांना सफारीच्या बसमध्ये बसवलं. झाडाखाली एक वाघ पोट वर करून झोपला होता. बसमधली मंडळी "उठ, उठ" म्हणून ओरडली, त्याने कानसुद्धा हलवला नाही. सगळ्यांचं तिकीट वाया गेलं. काका मात्र खिडकीला चिकटले. ठरल्या वेळी जेवण, आठवड्यातून एक उपास, डॉक्टर दारात, बदलीची भीती नाही. "अरे बाप्पा," ते म्हणाले, "हा तं पेन्शनर व्हय!"

त्या दिवसापासून काका फक्त सोडवून आणलेले वाघ काढतात. मोकळा वाघ कुणीही काढतो, ट्रकच्या मागेसुद्धा असतो.

पण शैली सापडेना. पंजे जमत नसल्यामुळे सुरुवातीचे सगळे वाघ गवतात उभे होते. अडचण वाढेल तसं गवत वाढत गेलं. टपरीवर एकाने चित्र आडवं धरून विचारलं, "ज्वारी हायब्रीड हाये का?" मग राजा रविवर्मा आले. त्या काळातले वाघ असे पाणीदार डोळ्यांनी बघायचे, की यांना हंसाकरवी निरोप पाठवायचा असावा. हुसेन आले तेव्हा वाघांचे घोडे झाले. अजिंठा आम्हाला जवळचा, म्हणून तिथे जाऊन पद्मपाणी पाहून आले. नंतरच्या वाघाच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या. काकू म्हणाल्या, "याले झोप येऊन रायली." सगळ्या समीक्षेत तेवढंच वाक्य वस्तुस्थितीला धरून होतं. शेवटी गायतोंडे, कारण जन्म नागपूरचा, म्हणजे आपलाच माणूस. काकांनी अख्खा कागद पिवळा केला आणि वाघ आत आहे असं जाहीर केलं.

मग एक वनरक्षक सोयरिकीच्या बैठकीला आला होता, तो बोलता बोलता सांगून गेला की दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात, एवढंच काय, एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही वेगळे. म्हणून कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना लावतात. काका सोयरीक विसरले. डावी कूस म्हणजे नमुना सात, उजवी म्हणजे नमुना बारा! घरी येऊन त्यांनी ट्रंकेतून पट्टी, टोकदार पेन्सिल आणि लाल शाईची दौत काढली, आणि वाघाचा गावनकाशा काढला. पट्टे झाले धुरे. मधल्या पिवळ्या जागेला गट नंबर. मानेपासून शेपटीपर्यंत पाठीच्या कण्यावरून पांदण. पोटाच्या पांढऱ्या भागावर बारीक अक्षरात ‘पोटखराब’. रंग जवळपास नाहीतच, पण वाघ मात्र नक्की तोच वाघ.

बिबट्याचा प्रयत्न त्यांनी अर्ध्यावर सोडला. अंगावर इतके बारीक तुकडे, की तुकडेबंदी कायद्यात बसेना. सिंहाकडे तर बघतही नाहीत. पट्टा नाही, धुरा नाही, सगळं गायरान.

इथपर्यंत मीही टपरीवरच्यांबरोबर हसत होतो. पण काकांचं ‘साहेबराव’ हे चित्र हसण्यावारी नेता येत नाही. साहेबराव हा गोरेवाड्याचा खराखुरा वाघ. चंद्रपूर जिल्ह्यात 2012 साली शिकाऱ्यांच्या सापळ्यात त्याच्या पुढच्या पंजाची बोटं गेली. नागपूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. सुश्रुत बाभुळकर यांनी त्याला दत्तक घेतलं, आणि जानेवारी 2020 मध्ये त्याला कृत्रिम पंजा बसवून पाहिला. भूल उतरल्यावर साहेबरावाने तो काढून टाकला. काकांनी सगळी नोकरी साहेबांपुढे उभं राहून काढली, पण असा नकार एकाही साहेबाला देता आला नव्हता. चित्रात त्यांनी तो पाय पूर्ण रेखला, जिथे बोटं नाहीत तिथे कागद कोरा ठेवला, आणि ‘इतर हक्क’च्या रकान्यात लिहिलं : कृत्रिम पंजा बसविला, भोगवटादाराने नाकारला. फोटो समोर ठेवून केस न् केस रंगवणारे वन्यजीव-चित्रकार मी पाहिलेत. त्यांचा वाघ सुंदर असतो, पण तो कोण असतो ते कळत नाही. हा साहेबराव आहे.

पेन्शनरची उपमा मात्र मला पटलेली नाही. मी एकदा म्हटलं, "काका, पेन्शनर बाजाराले मेहकरले तरी जाऊ शकते. त्याले कुंपन हाये." काका पेन्सिलीला टोक काढत राहिले. "मी जातो कुठी?" एवढंच बोलले. त्यावर मला काही सुचलं नाही, पण मत अजून तेच आहे.

परवा कृषी केंद्राचा मालक चित्र मागायला आला. वाघ पसंत, फक्त मागे थोडं जंगल पाहिजे, दुकानात उठून दिसेल. काकांनी चष्मा वर केला. "जंगल चढवाचं म्हन्जे फेरफार आला. पंधरा दिवसाची नोटीस लावा लागते, हरकती मागवा लागतात." आणि वळणदार अक्षरातली नोटीस त्यांनी खरंच बैठकीच्या दाराला चिकटवली. मुदतीत एकच हरकत आली, काकूंची : अर्जदाराकडून आधीच्या दोन वाघांचे पैसे येणे बाकी आहेत.