पाणी घालणाऱ्यांना आवरा

सेलू तालुक्यात बोरचे जंगल कुणाच्याही शुभहस्ते न लागता वाढले, ती वेगळ्या चौकशीची बाब. पण सेलूकरांनी वर्ध्याला गेल्यावर हनुमान टेकडीवरील गैरप्रकार जरूर पाहावा. वैद्यकीय जनजागृती मंचाचे स्वयंसेवक तिथे झाडे लावतात, इथवर ठीक. पण नंतर ती जगवतातही! वैदर्भीय उन्हाळ्यात, पदरमोड करून, कॅमेरा नसताना.

राज्याने २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला होता. असे संकल्प दरवर्षी सोडायचे तर रोपाने जगून कसे चालेल? जगलेले रोप खड्डा कायमचा अडवते. पुढच्या जुलैत मान्यवरांनी वाकायचे कुठे? त्यापेक्षा रूढ पद्धत किती सुटसुटीत: खड्डा जुना, रोप नवे, फलक त्याहून नवा. शेळ्यांचीही सोय होते.

आता एक पाऊल पुढे टाकून रोपच वगळावे. नावांचे फलक ओळीने रोवले की झाले वनस्पती उद्यान! ना पानगळ, ना वाळवी. शिवाय सगळे सदाहरित, सत्ता बदलेपर्यंत.

टेकडीवरच्या मंडळींना तातडीने नोटीस बजावावी. ती कोणत्या झाडाला ठोकायची, तेवढे संबंधितांनी कळवावे.