ब्रेकतज्ज्ञ नाना

नानांचा गॅरेजवाल्यांवर विश्वास नाही. तसा तो डॉक्टर, बिल्डर आणि हवामान खात्यावरही नाही. पण त्यांची कामं घरच्या घरी करता येत नाहीत, म्हणून ते सुटले.

पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला हयात घालवलेल्या नानांकडे मारुती ८०० आहे. कंपनीने ही गाडी बनवणं २०१४ सालीच बंद केलं, हे नानांनी अजून मनावर घेतलेलं नाही. मध्यंतरी तिचा ब्रेक मऊ लागायला लागला. दुसरा कुणी वैतागला असता. नानांचा चेहरा उजळला. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये जॅक, आठ-नऊचा पाना, सलाईनची नळी, रिकामी बाटली आणि ब्रेक ऑइलचा नवा डबा मांडला गेला. वॉचमनने कुणी न सांगता आपली खुर्ची गाडीसमोरून हलवली.

प्रेक्षक असल्याशिवाय नानांचं निदान सुरू होत नाही. मी पेपर घ्यायला खाली उतरलो आणि सापडलो.

"लाइनमध्ये एअर धरलीय. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पायाचा सगळा जोर त्या बुडबुड्यात जिरतो," नाना म्हणाले. मग ब्रेक ऑइल हवेतली ओल कसं शोषून घेतं, नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही पण ओल धरलेलं १४० लाच कसं उकळतं आणि दिवे घाट उतरताना त्याची वाफ होऊन पेडल कसं तळाला जातं, हे सगळं मी पेपर काखेत धरून ऐकलं. यातलं एक अक्षर चूक नव्हतं. नानांशी वाद घालता येत नाही तो यामुळेच.

एअर काढायला दोन माणसं लागतात, एक चाकाशी आणि एक पेडलवर. काकू कणकेचे हात धुऊन ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसल्या. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून.

"दाब!"

"दाबलं."

"धरून ठेव! मी सांगेपर्यंत सोडायचं नाही, नाहीतर हवा परत आत!"

नानांनी निपल सैल केलं. चहाच्या रंगाचं ऑइल फसफसत नळीतून बाटलीत उतरलं. निपल पुन्हा आवळून झालं.

"सोड आता."

"अहो, मी काय म्हणते..."

"तू काही म्हणू नकोस. दाब!"

तिसऱ्या चाकाशी येईतो नाना मला डिस्क आणि ड्रममधला फरक सांगत होते. तेवढ्यात वरची टाकी रिकामी झाली आणि लाइनने पुन्हा पोटभर हवा घेतली. नानांनी दोष डब्याला दिला. घाईत ओतताना ऑइल मडगार्डवर सांडलं. ब्रेक ऑइल रंग खातं, त्यामुळे तिथे आधीचेही पोपडे होते. नानांच्या आजवरच्या दुरुस्त्यांची नोंदवही म्हणजे तो पत्रा.

दुपारी बुडबुडे थांबले. पेडल मात्र मऊ ते मऊच. नानांनी चारही चाकांच्या आतल्या बाजू चाचपल्या, कोरड्या ठणठणीत. होस कुठे फुगतोय का पाहिलं. मागचे ड्रम उघडायची भाषा सुरू झाली, तेव्हा काकू पेडलवरचा पाय न काढता म्हणाल्या, "अहो, धरून ठेवलं की हे आपलं आपण हळूहळू खाली बसतं. सकाळपासून बसतंय."

नानांचा पाना हातातच राहिला. बाहेर थेंबभर गळती नाही आणि धरलेलं पेडल बसत जातं, म्हणजे मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय, ऑइल आतल्या आत मागे पळतंय. पेडल दाबणाऱ्या पायाला हे पहिल्या चाकापासून कळत होतं.

"मग सकाळीच का नाही बोललीस?"

"तुम्ही दाबायला सांगितलं होतं."

नाना पेठेतून किट आलं, काकू पुन्हा पेडलवर बसल्या आणि ब्रेक कडक झाला. नाना आता सांगतात, "मास्टर सिलिंडर हे मी पहिल्या दाबातच ओळखलं होतं. बाकीच्या शक्यता खोडून काढत होतो, इतकंच."

सोसायटीत हल्ली कुणाचा ब्रेक मऊ लागला की लोक काकूंना गाठतात. काकू पेडल दाबतात, धरतात, निदान सांगतात आणि उतरताना बजावतात, "यांच्या कानावर घालू नका हं. मला आज स्वयंपाक करायचाय."