फ्रिगेटकाका

घाटकोपरच्या पंतनगरात बाकीचे लोक मुलांची जन्मसालं सांगतात, फ्रिगेटकाका युद्धनौका सांगतात. थोरला ‘गोदावरी’ पाण्यात उतरली तेव्हाचा, म्हणजे १९८०. धाकटी ती नौदलात दाखल झाली तेव्हाची, १९८३. मधल्या काळात काकांनी माझगाव डॉकमध्ये तिचे पाइप जोडले. रोज कुर्ल्याला गाडी बदलून डॉकयार्ड रोडला उतरायचं, की आला समुद्र. त्यापुढे त्यांची मजल नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्येही त्यांना मळमळतं.

तरी बोलतात ते ‘आम्ही’. “ब्रिटिशांच्या लिअँडरचा सांगाडा घेतला, लांबवला, रुंदावला, त्यावर रशियाची क्षेपणास्त्रं बसवली आणि एकाला दोन सीकिंग हेलिकॉप्टरं ठेवली. अक्कल आमची!” (नौदलाच्या आरेखनकारांनी हे ऐकलेलं नाही, ते बरं.) १९८६ला ‘आम्ही’ न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवीची शताब्दी साजरी करून आलो. खरी रंगत मात्र १९८८च्या नोव्हेंबरात. मालदीवमध्ये बंड फसलं, भाडोत्री सैनिक ओलीस घेऊन ‘प्रोग्रेस लाइट’ नावाच्या जहाजातून श्रीलंकेच्या दिशेनं पळाले.

“आपल्या दुसऱ्या युद्धनौकेला, ‘बेतवा’ला म्हटलं, तू तिकडून घे, आम्ही इकडून येतो. कुठं जातायत!”

दिवाळी तोंडावर होती, आणि पाठलाग चालू असताना काका साखरेसाठी रेशनच्या रांगेत उभे होते, ही काकूंची साक्ष. भाडोत्री शरण आले, हे मात्र दोघांनाही मान्य.

२३ डिसेंबर २०१५ला ‘गोदावरी’ निवृत्त झाली. काकांनी त्या दिवशी दाढी केली नाही, सोसायटीच्या मीटिंगला गेले नाहीत, पंपाच्या गळतीवर मतही दिलं नाही. तेव्हा कुठे बिल्डिंगला प्रसंगाचं गांभीर्य कळलं. काकू एवढंच म्हणाल्या, “तिला बत्तीस वर्षांत सोडली. मला कधी सोडतायत?”

१५ जानेवारी २०२५ला नवी ‘निलगिरी’ दाखल झाली. तीही माझगावचीच, म्हणून काका इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसले. नातवानं मोबाइलवर पाहून सांगितलं, ही डिझेल आणि गॅस टर्बाइनवर चालते. काका ताडकन उठले.

“बॉयलर नाही? वाफ नाही? नुसत्या गॅसवर एवढं धूड चालवतात?”

“जपून वापरा म्हणावं,” काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, “आपला सिलिंडर नोंदवून आठवडा झाला.”